पावडरभाऊ आणि न दिसणारं तेल

पावडरभाऊ गाडीचं डावीकडचं पुढचं दार उघडायचा आणि कोणी बसत नसतानाही ते थोडा वेळ तसंच धरून उभा राहायचा. मग हलकेच लावायचा, वळसा घालून चालकाच्या जागेवर बसायचा आणि गाडी सुरू करायचा. चंद्रपूरच्या वर्कशॉपमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बिजागरी तपासत असेल. पुढच्या वेळी वाटलं, सवय असेल. त्यानंतर मात्र मी विचारलंच. तो म्हणाला, "बसू देतो, बाई." कोणाला, हे मी विचारलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि तुमच्या आबांना मी पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर बसवून आले होते.

तुम्ही दोघांनी त्याला पाहिलेलं नाही. आमची पांढरी गाडी तेवढी तुम्ही व्हिडिओवर पाहिली आहे, आणि "आजी, यू स्टिल ड्राइव्ह?" असं विचारून झालं आहे. हो, अजून चालवते. आबांच्या किडनीने हात टेकल्यापासून आठवड्यातून दोनदा आम्ही डायलिसिससाठी सावलीहून चंद्रपूरला जातो. गडचिरोली जवळ पडलं असतं, पण तिथे आम्हाला जागा मिळेना. सावलीपासून मूलपर्यंत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत. मूल सोडलं की जंगल लागतं, ते जवळजवळ चंद्रपूर येईपर्यंत संपत नाही. जाताना आबांच्या अंगावर सूज असते, येताना त्यांच्या अंगात बसून राहण्याइतकंही त्राण नसतं. त्या रस्त्यावर गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

आणि गाडीतलं तेल कमी होत होतं. निघण्याआधी मी इंजिनातली पट्टी पुसून तेल बघते. ते दर वेळी थोडं खाली गेलेलं दिसायचं. अंगणातल्या फरशीवर मात्र एक थेंब नाही. वॉरंटी पावसाळ्याबरोबर संपणार होती, त्यामुळे जे काही करायचं ते त्याच्या आत करायला हवं होतं. वर्कशॉपच्या काउंटरवरच्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि आत तोंड करून हाक मारली, "पावडरभाऊ, तुमचं गिऱ्हाईक आलं!"

नाव का पडलं, ते लगेच कळलं. आतून एक चाळिशीचा, उंच, नीट भांग पाडलेला माणूस आला. त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होते, भुवयाही पांढऱ्या, आणि ऑइल-डिझेलच्या त्या वासात त्याच्या अंगाला तान्ह्या बाळाचा वास येत होता. गळती शोधण्याची त्याची रीत अशी: आधी इंजिन धुऊन, वाळवून लख्ख करायचं. मग अंगाला लावायची साधी पावडर कापडाच्या पुरचुंडीतून सगळ्या इंजिनावर झटकायची, अगदी सांधे, नळ्या, बोल्ट यांच्या खाचांतसुद्धा. मग गाडी पळवून आणायची आणि झाकण उघडून बघायचं. तेल जिथून निघालं असेल तिथून पांढऱ्यावर काळी वाट उमटलेली असते. पावडर टाकताना तो श्वास रोखून धरायचा आणि कोणालाही समोर उभं राहू द्यायचा नाही. "सावली पडू देऊ नका," एवढंच म्हणायचा.

डिप्लोमा झालेला माणूस होता, आणि ते तो विसरू द्यायचा नाही. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तेल दिसते तिथून निघत नाई, बाई. निघते वरून, हवा त्याले मागं ढकलते, अन् टपकते भलतीकडंच. लोक टपकलं तिथी पाना लावतात." हे सांगताना त्याचा आवाज वर्गातल्या मास्तरासारखा व्हायचा. मी आयुष्यभर ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे तो आवाज मला ओळखू येतो आणि आवडतोही.

आबांचं आणि त्याचं पहिल्या दिवशीच जमलं. पांढऱ्याधोप इंजिनाकडे बघत आबा म्हणाले, "पावडरभाऊ, आमच्या हिनं लग्नातसुद्धा एवढी पावडर लावली नव्हती."

"म्हणून तर फोटोत बाई तुमच्याहून उजळ दिसत नसतीन साहेब."

"तुला काय माहीत? तू होतास काय लग्नात?"

"तुमाले पाहूनच समजते. लगनात सगळी पावडर नवरदेवानंच लावली असन."

आबा इतके हसले की मला त्यांची खुर्ची धरावी लागली. कितीतरी दिवसांनी हसत होते.

पण पावडर कोरी राहिली. मी गाडी घेऊन गेले, सावलीला जाऊन पुढच्या डायलिसिसला परत आले, त्याने झाकण उघडलं. सगळीकडे रस्त्याची धूळ, पण काळी वाट कुठेच नाही. त्याने पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर टाकली. पुन्हा कोरी. पट्टीवरचं तेल मात्र खाली गेलेलं. दर खेपेला तो जास्त वेळ बघत राही, आणि दर खेपेला त्याची बडबड कमी होई. शेवटी त्या कोऱ्या इंजिनावर दोन्ही हात टेकून तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ज्याचं पाऊल उमटत नाई, ते गेलंच नाई. घरातच हाय."

शेजारी गाडी धुणाऱ्या माणसाने हे ऐकलं आणि पाण्याचा पाइप बंद केला. तो आमच्याकडे बघेना. का ते तेव्हा कळलं नाही.

पावडरभाऊचं म्हणणं यंत्राच्या भाषेत सोपं होतं. अशा इंजिनाच्या कुशीला एक पंखा असतो, त्याला टर्बो म्हणतात. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याच्या दांड्याला सतत तेल लागतं. दांड्याजवळची आतली फट वाढली असेल तर तेल बाहेर न येता हवेच्या नळीत जातं आणि पुढच्या हवा थंड करणाऱ्या जाळीत तळाशी साचून बसतं. तिथे थोडा ओलावा सगळ्याच गाड्यांत असतो. जास्त असेल तर वाईट. ते बघायला नळी खोलावी लागते, आणि वॉरंटीतली गाडी खोलायला कंपनीच्या नागपूरच्या साहेबाची परवानगी लागते.

त्याने माझ्यासमोरच साहेबाला फोन लावला, आवाज मोठा करून.

"लीकेजची जागा दाखवा, फोटो पाठवा, मग खोला."

"सर, जागा बाहेर नाई. आत हाय."

"बाहेर दिसत नाही ना? मग लीकेज नाही."

"तेल कमी होऊन राह्यलं, सर. पेशंटची गाडी हाय, जंगलातून जाते."

"परवानगीशिवाय खोललं तर क्लेम गेला आणि तुम्हीही गेलात. समजलं?"

फोन बंद झाल्यावर पावडरभाऊ बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमी गाडी लय हळू चालवता. म्हणून ते खाली बसून राह्यते, उठत नाई. एकदा मी चालवतो, सगळी माणसं बसवून, ताणून. निळा धूर निघाला तर तोच फोटो पाठवू." त्याचं गाव आमच्याच रस्त्यावर, चिचपल्लीच्या पुढे होतं. आबांचं डायलिसिस झालं की तो गाडी चालवत तिथपर्यंत येणार, तिथे उतरणार, पुढे मी नेणार, असं ठरलं.

त्या दुपारी त्याने आम्हा दोघांना मागे बसायला सांगितलं. आबांना पुढे पाय पसरता आले असते, असं मी म्हटलं. "पुढची जागा नाई देता येत, बाई," तो म्हणाला, आणि दार धरून उभा राहिला. आबांनी माझा हात दाबला. म्हणून मी मागे बसले.

शहर सुटलं, मग जंगल लागलं. उन्हाळ्याची अखेर होती. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे दूरवर आतलं दिसत होतं आणि आत काहीच नव्हतं. पावडरभाऊने गाडी ताणली. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज चढला. आधी मला वाटलं, त्यानेच चढवला. मग दिसलं की त्याचा पाय वर आहे. आवाज चढतच गेला. त्याने क्लच दाबून गाडी कडेला थांबवली. गाडी थांबली, इंजिन थांबलं नाही. त्याने चावी फिरवली, काढली आणि मागे न बघता माझ्याकडे टाकली.

मुलांनो, चावी माझ्या मांडीवर होती आणि गाडी किंचाळत होती. मागच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला. पांढरा, निळसर धूर झाडांच्या उंचीपर्यंत गेला होता. त्या आवाजात पावडरभाऊचा आवाज मात्र शांत होता. "बाई, साहेबाले उतरवा. रस्त्यावरच चाला, पुढं. झाडात जाऊ नका."

मी आबांना काखेत धरून ओढलं. कसं ओढलं, आठवत नाही. वळून पाहिलं तेव्हा धुरात तो स्टिअरिंगवर वाकलेला दिसला. त्याने सगळ्यांत वरचा गिअर टाकला होता, ब्रेकवर उभा राहिल्यासारखा पाय रोवला आणि क्लच एकदम सोडला. गाडीने जनावरासारखा एक हिसका दिला, थरथरली आणि गप्प झाली.

नंतरची शांतता मी कधी विसरणार नाही. पाखरूही बोलत नव्हतं. दारं सताड उघडी होती, म्हणून पुढे जाऊनही मला ऐकू आलं. पावडरभाऊ डावीकडच्या रिकाम्या जागेकडे वळला आणि म्हणाला, "लागलं नाई न?" थोडं थांबला, मान हलवली. मग बाहेर येऊन आम्हाला तेच विचारलं.

त्याने मला नंतर समजावलं. डिझेलचं इंजिन आपलंच साचलेलं तेल ओढून घेऊ लागलं की त्याला चावीची गरज उरत नाही. तेल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत ते स्वतःच धावतं. "आतलं भडकलं तर बाहेरून बंद नाई होत," तो म्हणाला.

गाडी निवल्यावर त्याने पाना काढला. मी म्हटलं, "परवानगी?" तो म्हणाला, "ओढत नेली तर हे सांडून जाईन. मंग पुन्हा म्हणतीन जागा दाखवा." आणि भर रस्त्यात, नियम मोडून, त्याने ती नळी सोडवली. डांबरावर काळं, दाट तेल पडत राहिलं, पडतच राहिलं. त्याने फोटो काढले आणि माझ्याकडे पाहून तो हसला नाही, खूश झाला नाही. फक्त म्हणाला, "पाह्यलं न? घरातच होतं."

त्याचं घर पुढच्या वळणावरच होतं. एका टेम्पोवाल्याला गाडीपाशी बसवून त्याने आबांना ऑटोने तिथे नेलं, कारण त्यांना आडवं होणं भाग होतं. कुलूप काढून, दार उघडून तो बाजूला झाला आणि आत बघत म्हणाला, "आई, पाहुणे आले. साहेबाले बरं नाई."

घरात कोणी नव्हतं. स्वच्छ सारवलेली जमीन, बाजेवर धुतलेली चादर, भिंतीशी दोन ताटं उपडी घातलेली, उंबऱ्याच्या आत बायकी चपलांचा जोड. आबा बाजेवर पडताच झोपले. मी ओसरीवर येऊन बसले, आणि तिथे त्याने मला सांगितलं. त्याची आई मोहफुलं वेचायला गेली होती. वाघाने नेली. आपल्याकडे माणूस गेल्यावर काही घरांत तांदळाचं पीठ पसरतात, जवळ दिवा ठेवतात, वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून बघतात. चिमणीचं पाऊल, मुंग्यांची ओळ, जे उमटलं असेल त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते ठरतं.

"आमच्या पिठावर काहीच नाई उमटलं, बाई," तो म्हणाला. "एक रेघ नाई. मंग मले समजलं."

दुःखाने नाही, गळती सापडल्यावर सांगावं तसं त्याने सांगितलं. मग तो फोन लावायला रस्त्याकडे गेला, तेव्हा शेजारची म्हातारी कुंपणापाशी आली. "त्याले काही म्हणू नका बाई. आमचंच चुकलं. जीव जंगलात गेला तर पीठ जंगलातच टाकाले पायजे होतं. पण वाघ तिथंच फिरून राह्यला होता, फारेस्टवाले जाऊ देत नव्हते. मंग आम्ही घरी टाकलं. घरी कसं उमटन? याले किती सांगतलं. आयकतच नाई."

मला त्याला सांगण्यासारखं बरंच काही होतं. सगळं तर्कशुद्ध होतं. पण त्याच तर्काने त्याने माझ्या गाडीतलं तेल शोधून काढलं होतं, तासाभरापूर्वी, माझ्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्हाला सावलीला सोडायला गावातली जीप मिळाली. आबा वाटेत म्हणाले, "बरं झालं, मी बाजेवर पडलो तेव्हा पाय दाबलेस. गोळे आले होते." मी "हं" म्हटलं. मी तो सबंध वेळ ओसरीवरच होते.

नागपूरच्या साहेबाला फोटो नाकारता आले नाहीत. वॉरंटीत नवा टर्बो बसला, जाळी आणि नळ्या बदलल्या, तेल कमी होणं थांबलं. आबांचं एक डायलिसिस मात्र आम्ही भाड्याच्या गाडीने केलं. पावडरभाऊने परवानगीवाचून रस्त्यात गाडी खोलली, याचीही नोंद झाली, आणि त्याची बदली नागपूरला झाली. गेला नसता तर नोकरी गेली असती. मी साहेबाला फोन केला, शुद्ध इंग्रजीत भांडले. साहेब फार नम्रपणे बोलले आणि बदली तशीच राहिली.

जाण्याआधी तो सावलीला आला. आबांनी आग्रह करून त्याला जेवायला बसवलं. तो नीट जेवला नाही. हात धुतल्यावर त्याने खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

"तिले नागपूरले नेता येत नाई, बाई. लय विचारलं. दिवसा गाडीत चंद्रपूरले येते, पण रात्रीले घर सोडत नाई." मग खाली बघत, "तुमी तर जाताच त्या रस्त्यानं."

"काय करायचं मी तिथे?"

"काही नाई. दार उघडाचं. थोडं थांबाचं. मंग बंद कराचं."

आबा माझ्याकडे बघत होते. ज्या माणसाची भाकरी आमच्या गाडीपायी हलली, त्याला "असलं मी मानत नाही" असं सांगणं मला जमलं नाही. मी किल्ली पदराला बांधली नाही, पर्समध्ये ठेवली, पण ठेवली.

तेव्हापासून येताना आम्ही तिथे थांबतो. आबा गाडीतच असतात. मी कुलूप काढते, दार उघडते, उंबऱ्यावर उभी राहते. आत जात नाही. सांगितलेलं तेवढंच करते. सुरुवातीला गप्प उभी असायचे. मग ते उद्धट वाटायला लागलं, म्हणून "मी आलेय" असं म्हणू लागले. हल्ली आबांची तब्येत, रस्त्याचं काम, पाऊस, असं थोडं सांगते. गाडीत परत बसल्यावर आबा विचारतात, "काय म्हणतायत?" पूर्वी ते चेष्टेने विचारायचे.

पावडरभाऊचा फोन नेमाने येतो. आधी साहेबांची चौकशी करतो, मग गाडीचा आवाज कसा आहे ते विचारतो, आणि शेवटी, "आई बरी हाय न, बाई?" मी म्हणते, "बरी आहे." एवढंच आमचं ठरलेलं.

गेल्या खेपेलाही त्याने विचारलं आणि मी म्हटलं, "बरी आहे. मागची खिडकी उघडून द्या म्हणते, कोंडल्यासारखं होतं."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "हो. निघाच्या घाईत मीच लावून आलो."

आबा बाजूला पडून ऐकत होते. म्हणाले, "अगं, त्या घराला मागे खिडकी आहे?"

मला सांगता येईना. त्या घरात मी फक्त पुढची खोली पाहिली होती. पुढच्या खेपेला मी उंबरा ओलांडून पहिल्यांदाच आतल्या खोलीत गेले. आहे खिडकी, चुलीच्या वर, लहानशी. आतून कडी होती. मी काढून आले.